फडक्याचे आणे, छातीचे आणे

मला एका जागी बसवत नाही. आता म्हातारपणीही जेवताना माझा एक पाय हलत असतो, आणि बायको म्हणते की ताटातलं वरण थरथरतं. तरुणपणी तर माझ्या पायाला भिंगरीच होती. दवनीवाड्याला आमची धानाची शेती होती, मोठा भाऊ ती करायचा, आणि मी बांधावर उभा राहिलो की दहा मिनिटांत मला कुठंतरी निघून जावंसं वाटायचं. म्हणून मी मोटार चालवायला शिकलो. लढाईच्या वर्षांत मी गोंदियाहून आमगाव, देवरी करत चिचगडला जाणारी एक सर्व्हिस मोटार चालवत होतो. सकाळी निघायचं, मुक्काम चिचगडला, दुसऱ्या दिवशी परत. या दोन दिवसांच्या मधे जी एक रात्र यायची तीसुद्धा मला लांब वाटायची.

पेट्रोल तेव्हा चिठ्ठीवर मिळायचं आणि तेही नावापुरतं. म्हणून शेठनं गाडीच्या मागच्या बाजूला कोळशाची कोठी बसवून घेतली होती. ही उंच लोखंडी कोठी पेटवायची, पंखा फिरवून निखारा फुलवायचा आणि त्यातून निघणारा वायू नळ्यांतून इंजिनाला पाजायचा. चढावर गाडी रडायची, पण चालायची. कोळसा चिचगडच्या जंगलातून यायचा. धावड्याच्या लाकडाचा असला तर उत्तम, नाहीतर काय हाती येईल ते.

या कोळशाच्या गाडीचं मरण एका गोष्टीत होतं. वायूबरोबर राख आणि काजळी यायची. ती इंजिनात गेली की सिलिंडर खरवडून निघायचे आणि रिंगा झिजायच्या. आमच्या इंजिनाचं बोअर, म्हणजे सिलिंडर आतून कातून गुळगुळीत करणं, दोनदा झालं होतं. तिसऱ्यांदा करायला लोखंडच उरलं नव्हतं, आणि नव्या रिंगा तर लढाईमुळे बाजारातून गेल्यासारख्याच होत्या. शेठनं आम्हाला बजावून ठेवलं होतं, हे इंजिन गेलं तर गाडी भंगारात आणि तुम्ही दोघं घरी. दोघं म्हणजे मी आणि मिस्त्री.

मिस्त्री आमगावच्या अलीकडच्या एका खेड्यातला. वय साठीच्या घरात, अंगानं काटक, बोलणं मोजकं. रेल्वेच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं काम करून मग तो आमच्या शेठकडे आला होता. काजळी अडवण्यासाठी त्यानं स्वतःच्या हातानं एक गाळणं तयार केलं होतं. पत्र्याचा डबा, तळाशी नारळाचा काथ्या, आणि त्याच्यावर मांजरपाटाची दुहेरी पिशवी. पिशवीची शिवण त्यानं मेणाच्या दोऱ्यानं स्वतः घातली होती. वायू काथ्यातून चढायचा, पिशवीतून गाळून निघायचा आणि मग इंजिनाकडे जायचा. डब्याचं झाकण आठ बोल्टांनी आवळून, फटीत ओली माती आणि राख लिंपून बंद केलेलं असायचं.

गाळणं किती काम करतं हे तपासायची मिस्त्रीची दुहेरी रीत होती. पहिली फडक्याची. गाळण्याच्या पुढच्या नळीच्या जोडात पांढऱ्या मलमलीचा एक तुकडा अडकवायचा, आमगावपर्यंत गाडी न्यायची आणि तिथं जोड खोलून फडकं बघायचं. गॅरेजच्या भिंतीवर एका फळीला त्यानं नमुन्याची फडकी ठोकून ठेवली होती, कुळकुळीत काळ्यापासून स्वच्छ पांढऱ्यापर्यंत, आणि प्रत्येकाखाली खडूनं आणे लिहिले होते. कोरं फडकं म्हणजे सोळा आणे. आमचं गाळणं बहुतेक तेराच्या, चौदाच्या आसपास असायचं.

दुसरी रीत छातीची. कोठी थंड असताना, पहाटे, तो गाळण्याची नळी सोडवायचा, तिला तोंड लावायचा आणि श्वास आत ओढायचा. किती सहज येतो, किती अडतो, त्यावर तो पुन्हा आणे सांगायचा. मग काळं थुंकायचा आणि चूळ भरायचा. त्याचं म्हणणं असं की फडकं फक्त अर्धं सांगतं. काजळी अडते का ते फडकं सांगतं, पण इंजिनाला श्वास पुरतो का ते छातीच सांगते. फडक्याला सोळा आणे मिळवणं सोपं आहे, गोधडी घालून नळी बंद करून टाक. चौदा आणे काजळी अडव आणि दोन आणे जाऊ दे, तेव्हा कुठं इंजिन जगतं.

हे मला पटत नव्हतं असं नाही. पण मला ऐकायला वेळ कुठं होता?

छातीबद्दल तो एक गोष्ट कधी कधी बोलायचा. त्याचा थोरला भाऊ खोकून खोकून गेला होता, त्याच्याआधी बापही. घरात छातीचाच रोग आहे असं त्यानं धरून ठेवलं होतं. निघायच्या दर पहाटे नळीला तोंड लावणं हे गाळण्याबरोबर स्वतःचंही माप होतं. मला तो एकदा म्हणाला होता, ज्या दिवशी धुतलेल्या गाळण्यातून श्वास येनार नाई त्या दिवशी मी पाना खाली ठेवीन आनि घरी जाऊन पडीन. हे सांगताना त्याच्या आवाजात भीती होती. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, कारण गाडी निघायची होती.

शेठला मात्र छातीचे आणे कळायचे नाहीत, कारण ते दिसत नव्हते. फडकं दिसायचं. तो गोंदियाचा व्यापारी माणूस, हिंदीत बोलणारा, जिन्नस हातात घेऊन पारखायची सवय असलेला. त्यानं मिस्त्रीची फळी पाहिली आणि त्याला ती इतकी आवडली की रोजचं फडकं संध्याकाळी आपल्याकडे पोचलंच पाहिजे असा त्यानं नियम केला. मुक्काम चिचगडला, म्हणून परतल्यावर दोन दिवसांची दोन. दुसरे मोटारवाले आले की तो त्यांना फडकी दाखवायचा आणि माझ्या पाठीवर थाप मारायचा. मला ती थाप फार गोड लागायची, हे कबूल करतो.

गाळण्याची पिशवी दर आठव्या दिवशी सोडून, सोड्यात भिजवून, आपटून धुवायची आणि पूर्ण वाळवून परत बसवायची असा मिस्त्रीचा दंडक होता. त्या दिवशी गाडी निघायची नाही. दुहेरी मांजरपाट आणि काथ्या, ओल राहिली तर वायूतली राख तिच्यावर चिकटून लगदा व्हायचा. तो दिवस मला नकोसा व्हायचा. मी गॅरेजमधून स्टेशनवर जायचो, स्टेशनवरून बाजारात, बाजारातून परत पिशवी वाळली का बघायला. मिस्त्री म्हणायचा, तुले हात लावून पाहिल्यानं ती लवकर वाळत नाई.

धानाच्या कापणीला मिस्त्री दरवर्षी गावी जायचा. त्या वर्षी तो तीन आठवड्यांसाठी गेला. जाताना त्यानं मला पिशवी कशी सोडायची, शिवणीला ताण न देता कशी पिळायची, झाकणाची माती कशी लिंपायची, सगळं दाखवलं. छातीनं ओढून बघायलाही शिकवलं. मी मान हलवत होतो आणि मनातल्या मनात आमगावच्या फाटकावर मालगाडी आडवी येईल का याचा विचार करत होतो.

आठवा दिवस आला. पॅसेंजर खच्चून भरले होते, कापणीचे दिवस, माणसं इकडून तिकडे जात होती. आज गाडी बंद असं त्यांना सांगायचं माझ्या जिवावर आलं. म्हटलं, उद्या धुऊ. आमगावला जोड खोलून फडकं पाहिलं तर ते चौदा आण्यांहून पांढरं निघालं. मला वाटलं, नजरेचा दोष. दुसऱ्या दिवशी ते आणखी उजळ. मी त्या फडक्याकडे बघून इतका खूश झालो की धुवायचा विचारच सोडून दिला. धुतलेल्या पिशवीला तेरा आणे आणि न धुतलेलीला पंधरा, मग धुवायचं कायला?

आज हे लिहिताना मला माझी लाज वाटते, कारण त्यामागची गोष्ट अगदी साधी होती. पिशवीच्या कापडावर काजळीचा थर जमत होता आणि तो थरच गाळण्याचं काम करत होता. भोकं बुजत होती. बुजलेल्या भोकांतून काजळी जात नव्हती, तशी हवाही जात नव्हती. फडकं आपल्या परीनं खरंच बोलत होतं. छातीला विचारायला हवं होतं, आणि मी नळीला तोंड एकदाही लावलं नाही. काळं थुंकायची मला किळस येत होती.

गाडी मात्र सांगत होती. देवरीच्या पुढच्या चढावर ती पूर्वी कुंथत का होईना चढायची, आता पॅसेंजरांना उतरून ढकलावं लागत होतं. मी कोळशाला दोष दिला. चिचगडला कोळसा आणून देणारा जंगलातला एक माणूस होता, त्याला मी चारचौघांत बोललो, ओला माल देतोस म्हणून. त्यानं एक कोळसा उचलला, दगडावर आपटला, आणि तो खणकन वाजलेला मला ऐकवून निघून गेला. त्याचा कोळसा कोरडा होता.

शेठच्या पेढीवर पंधरा आण्यांच्या फडक्यांची चळत वाढत होती. मी हवेत होतो.

मिस्त्री ठरल्या दिवशी संध्याकाळी परतला. फडकी त्याला शेठनं मोठ्या कौतुकानं दाखवली. बाकी कुणीही खूश झालं असतं. मिस्त्री ती एकेक करून उजेडाला धरत गेला आणि त्याचं तोंड उतरत गेलं. गॅरेजमध्ये येऊन त्यानं मला विचारलं,

"पिशवी कवा धुतला?"

"परवाच धुतलो," मी म्हणालो.

इतकं सहज तोंडातून गेलं. खरं सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी गाडी बंद राहिली असती, बस, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. त्याला खोटं वाटलं नाही. तो स्वतः गाळण्याच्या बाबतीत कधी खोटं बोलला नव्हता, त्यामुळे दुसरा बोलेल हे त्याच्या मनातही आलं नसावं.

पहाटे मी कोठीत कोळसा भरत होतो. मिस्त्रीनं नळी सोडवली, तोंड लावलं आणि श्वास ओढला. मग थांबला. पुन्हा ओढला, जोर लावून, त्याच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. मग तो खोकला आणि गाडीच्या पायरीवर बसला. मी विचारलं, किती आणे? एरवी तो सांगायचा. त्या दिवशी तो नुसताच उठला, नळी परत बसवली, नट आवळला आणि हात न धुताच बाहेर निघून गेला. मला ते खटकलं. पण पॅसेंजर चढत होते, कोठी पेटली होती, आणि थांबून विचारणं माझ्या स्वभावात नव्हतं.

देवरीच्या पुढच्या चढावर इंजिन श्वासासाठी धडपडू लागलं. मी दाबत राहिलो. मग मागे काहीतरी फाटल्याचा आवाज झाला, गाडीनं एकदम उसळी घेतली, मला वाटलं, वा, गाडीत जीव आला. दोन मिनिटं ती झकास धावली. पिशवी शिवणीत फाटली होती आणि तीन आठवड्यांची सगळी काजळी सरळ इंजिनात शिरत होती. त्यानंतर आतून खरखर सुरू झाली, धूर निघाला आणि गाडी थांबली ती थांबलीच.

पॅसेंजर पायी देवरीकडे निघाले. मी एकटा राहिलो तेव्हा डब्याचे आठ बोल्ट खोलले. पिशवीवर बोटभर जाडीचा थर होता, वाळलेल्या शेणासारखा. जो कोणी हे पाहील त्याला कळेल की पिशवीला महिन्याभरात पाणी लागलेलं नाही. खाली नाल्यात पाणी होतं. मी ती पिशवी आणि काथ्या घेऊन खाली उतरलो आणि धुतले. घासून घासून धुतले. जे काम तीन आठवड्यांत केलं नाही ते मी त्या दिवशी केलं, आणि ते केवळ लपवण्यासाठी केलं. नाल्याचं पाणी बराच वेळ काळं वाहत होतं.

बैलांच्या जोड्या लावून गाडी ओढत आणायला दोन दिवस लागले. गॅरेजमध्ये शेठ, मी आणि मिस्त्री असे तिघं त्या इंजिनाभोवती उभे होतो. शेठ चिडून विचारत होता, पंधरा आणे फडकं असताना हे झालं कसं. मी धुतलेली, फाटलेली पिशवी पुढे केली. मिस्त्रीनं ती हातात घेतली आणि फाटलेल्या शिवणीवरून अंगठा फिरवला.

"शिवन माजी आये," तो म्हणाला. "चूक माजी आये. आता माझ्यानं होत नाई."

मी तिथं होतो. दोन हातांवर. मी बोललो नाही.

त्यानं पाना फळीवर ठेवला, टोपी घातली आणि गावी निघून गेला. शेठनंही त्याला अडवलं नाही.

मी दवनीवाड्याला भावाकडे गेलो. तिथं दोन महिने काढले ते कसे काढले मलाच माहीत. धान झोडून झालं होतं, शेतात काही काम नव्हतं, आणि मी सकाळी उठून गावाच्या टोकापर्यंत जायचो आणि परत यायचो, परत जायचो आणि परत यायचो. वहिनी म्हणायची, भाऊजी, काऊन असे करून राहिले, बसा ना घडीभर. बसलो की ती शिवण डोळ्यांसमोर यायची.

मग शेठला नागपुराहून कुठल्याशा जुन्या गाडीचं इंजिन मिळालं. दुसऱ्या एका मिस्त्रीनं ते बसवलं आणि माझा रस्ता मला परत मिळाला. मला वाटलं, आता सगळं सुरळीत होईल. पण आमगावच्या अलीकडे मिस्त्रीच्या गावाची पायवाट रस्त्याला मिळायची, तिथं एक मोहाचं झाड होतं. रोज ते झाड आलं की माझा हात भोंग्याकडे जायचा. मी भोंगा वाजवायचो, जोरात, आणि वेग वाढवून पुढे निघून जायचो. आज थांबू, उद्या थांबू. असे आणखी दोन महिने गेले.

एके दिवशी आमगावहून परतताना मी त्या झाडाखाली गाडी उभी केली. कोठी विझू द्यायची नव्हती म्हणून इंजिन चालूच ठेवलं, पॅसेंजरांना सांगितलं की आत्ता येतो, आणि शेतांच्या धुऱ्याधुऱ्यानं, बांधांवरून, गावाकडे पळत सुटलो.

मिस्त्री अंगणात बाजेवर बसला होता. मी त्याला ओळखलं नाही म्हटलं तरी चालेल. खांदे खाली आले होते, दाढी वाढली होती. त्याची बायको चुलीपाशी होती. तिनं मला पाणी दिलं आणि तिथंच उभी राहून सांगू लागली की हे घरी आल्यापासून शेताकडे गेले नाहीत, बिडी सोडली, पोटभर जेवत नाहीत, शेताची वाटणी दोन्ही मुलांच्या नावे करून टाकली. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणतात, मले ठाऊक आहे काय झालं ते.

मी मिस्त्रीला विचारलं, काय झालंय? तो मान खाली घालून म्हणाला, त्या दिवशी पहाटे नळीतून श्वास आला नाही. पिशवी तर परवाच धुतलेली होती. म्हणजे छातीच गेली. भावाचंही असंच सुरू झालं होतं. तेव्हाच सांगायला पायजे होतं की माझं माप आता खरं राहिलं नाही, पण सांगायची हिंमत झाली नाही, आणि त्यापायी गाडी मेली.

माझा पाय हलायचा थांबला होता. मी म्हणालो,

"मिस्त्री, मी धुतलोच नाई."

त्यानं मान वर केली.

"एकदाबी नाई?"

"एकदाबी नाई. तुमी गेल्यापासून पानी नाई लागलं तिले. नंतर नाल्यात धुतलो, तुमाले समजू नये म्हनून."

मी शिव्यांची वाट बघत होतो. मला त्या हव्या होत्या, खरं तर मी त्यासाठीच पळत आलो होतो. त्यानं छातीवर हात ठेवला आणि एक लांब श्वास घेतला, मग सोडला, आणि पुन्हा घेतला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो बायकोकडे वळला आणि हलक्या आवाजात म्हणाला,

"आयकला का? माजी छाती बरी आये."

त्याच्या तोंडावर राग नव्हता, आनंद होता. रस्त्यावरून कुणीतरी माझ्या गाडीचा भोंगा वाजवत होतं, पॅसेंजर कंटाळले असावेत. ती बाई माझ्या हातातलं पाण्याचं भांडं घ्यायला पुढे आली, पण तिनं ते घेतलं नाही. ती तशीच माझ्यासमोर उभी राहिली.

"चार महिने हा मानूस मराची वाट पाहून राहिला," ती म्हणाली, "आनि तुमी रोज याच रस्त्यानं जाऊन राहिले."